नवऱ्याच्या खिशातली गोळी

अगं, धुण्याला काढलेल्या पँटच्या खिशात पाकिटातून कापलेली एकच गोळी हाताला लागली, की बाईच्या मनात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. कुणाला वाटतं, बाहेर काहीतरी चाललंय. कुणाला वाटतं, आपण सुटलो, केस पिकले, म्हणून यांना आता गोळी लागायला लागली. मग गोळी होती तिथेच परत जाते आणि घरात चार दिवस भांडी आपटत राहतात. तू तसं करू नकोस. त्या गोळीवर रुसण्याआधी ती काय आहे ते नीट समजून घे. कारण उद्या काही झालंच, तर रात्री दीड वाजता त्या माणसाच्या शेजारी तूच असणार आहेस. डॉक्टर नसतील की मेडिकलवाला नसेल.

इतकी वर्षं मी मेडिकलच्या काउंटरमागे उभी आहे, म्हणून आपल्याकडे ही गोळी कशी घेतली जाते ते रोज डोळ्यांसमोर दिसतं. बदलापूरचा माणूस बदलापुरात घेत नाही. कात्रपला राहणारा स्टेशनजवळच्या दुकानातही शिरत नाही, कुणी ओळखीचं भेटेल म्हणून. तो कामावरून येताना कल्याणला उतरून घेतो. अंबरनाथचा विठ्ठलवाडीला घेतो, उल्हासनगर कॅम्प चारचा अंबरनाथला येतो. दुकानात बाई उभी दिसली तर आधी खोकल्याचं औषध मागतो, गर्दी ओसरायची वाट बघतो, आणि काउंटरवर पोरगा आला की हळूच म्हणतो, "ती पॉवरची दे एक, शंभरची." पोरगा कात्रीनं पाकिटाचा एक कप्पा कापतो, कागदात गुंडाळून देतो. चिठ्ठी नाही, बिल नाही. त्या कापलेल्या तुकड्यावर अर्धंच नाव उरलेलं असतं, किती मिलिग्रॅम आणि एक्स्पायरी कधीची हे दुसऱ्या टोकाला दुकानातच राहतं.

खरा धोका मला इथे दिसतो. ज्या दुकानातून त्यांच्या बीपीच्या, साखरेच्या, छातीच्या गोळ्या दर महिन्याला घरी येतात, त्या दुकानदाराला ही एक गोळी कधी कळतच नाही. ज्यानं ही दिली त्याला बाकीच्या ठाऊक नसतात. फॅमिली डॉक्टरांना सांगायची लाज वाटते आणि तुला सांगायची त्याहून जास्त. म्हणजे त्या माणसाच्या अंगात कुठली कुठली औषधं एकत्र आली आहेत हे जगात एकट्या त्यालाच माहीत, आणि त्यालाही त्यांचं एकमेकांशी जमतं का ते माहीत नाही. गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. ती लपवणं वाईट आहे.

हे औषध काही कुठल्या भोंदूनं काढलेलं नाही. सिल्डेनाफिल हे त्याचं मूळ नाव. इंग्लंडमध्ये फायझर कंपनी छातीत दुखण्यावर औषध शोधत होती, तेव्हा हे हाती लागलं. छातीसाठी त्याचा फारसा उपयोग दिसला नाही, पण चाचणीतल्या पुरुषांना वेगळाच परिणाम जाणवला. २७ मार्च १९९८ रोजी अमेरिकेत त्याला व्हायग्रा या नावानं मान्यता मिळाली. पुढे आपल्याकडच्या कंपन्यांनीही ते बनवलं आणि आज ते डझनभर नावांनी मिळतं. टाडालाफिल हे त्याचंच भावंड. पाकिटावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात असतं, त्याच्याकडे बघू नकोस. खाली बारीक अक्षरात 'सिल्डेनाफिल' लिहिलंय की 'टाडालाफिल', आणि पुढचा आकडा २५, ५०, १०० की १०, २० आहे, ते वाच. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ दिसेल. तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असा आहे.

एक सांगून ठेवते. घरात एखाद्या बाईच्या औषधांत २० मिलिग्रॅमचं सिल्डेनाफिल दिसलं तर दचकू नकोस. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढण्याच्या आजारावर हेच औषध बायकांनाही देतात, लहान मुलांनाही देतात. काम तेच, रक्तवाहिन्या सैल करायचं.

आणि सगळं तिथेच आहे. ही गोळी मनात इच्छा निर्माण करत नाही. कुणावर प्रेम नसेल तर ते आणत नाही. नुसती गिळून बसलं तर ताठरता येतही नाही. मन आणि शरीर जागं झालं की नसांतून एक रसायन सुटतं, त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्त भरतं. गोळी तो सैलपणा जास्त वेळ टिकवते, एवढंच. म्हणून "गोळी घेतो म्हणजे मी आवडत नाही" हे मनातून काढून टाक. तू आवडतेस म्हणूनच हा माणूस पैसे मोजून, मान खाली घालून कल्याणला रांगेत उभा राहिलाय, असंही असू शकतं ना?

पण रक्तवाहिन्या काही एकाच ठिकाणी नसतात. डोक्यातल्या सैल झाल्या की डोकं दुखतं. चेहऱ्यावरच्या झाल्या की तोंड लालबुंद होतं, कान तापतात. नाक चोंदतं, छातीत जळजळतं, कधी नजरेसमोर निळसर झाक येते. औषधाच्या चाचण्यांत २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत साधारण सहांतल्या एकाचं डोकं दुखलं, १०० घेणाऱ्यांत चौघांतल्या एकाहून जास्त जणांचं. आपल्याकडे मात्र पहिल्याच दिवशी 'शंभरची' मागतात. डॉक्टर बहुतेकांना ५० पासून सुरुवात करतात, वय ६५ च्या पुढे असेल किंवा लिव्हर-किडनी कमजोर असेल तर २५ पासून. टाडालाफिलनं काही जणांची दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांड्या दुखतात. लोकलमध्ये उभं राहून आलो म्हणून दुखतंय असं समजून माणूस मलम चोळत बसतो. हे त्रास आपोआप जातात, त्यांना घाबरायचं कारण नाही.

घोळ होतो तो वेळेचा. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घ्यायचं असतं. पण रविवारी मटण, तळलेले बोंबील असं भरपेट जेवण झालं, वर दोन पेग झाले, की तेलकट अन्नामुळे औषध रक्तात उशिरा उतरतं. अर्धा-पाऊण तास झाला, काहीच होत नाही म्हटल्यावर माणूस दुसरी गोळी घेतो. मग दोन्ही एकदम चढतात, आणि दारूनं आधीच रक्तदाब हललेला असतो. चोवीस तासांत एकच, हा नियम आहे. एक काम करत नसेल तर दुसरी घ्यायची नसते, डॉक्टरकडे जायचं असतं.

नागपूरची ती केस तुला आठवते का? २०२३ च्या मार्चमध्ये पेपरात आली होती. ४१ वर्षांचा माणूस, पूर्वीचा कुठला आजार नोंदलेला नाही. रात्री ५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या आणि दारू. सकाळी अस्वस्थ वाटायला लागलं, उलट्या झाल्या. सोबतच्या बाईनं डॉक्टरकडे चला म्हटलं, तर तो म्हणाला, मला असं पूर्वीही झालंय. थोड्याच वेळात गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शवविच्छेदनात मेंदूत साकळलेलं रक्त सापडलं, जवळजवळ ३०० ग्रॅम. डॉक्टरांनी तो अहवाल न्यायवैद्यकाच्या नियतकालिकात छापला. असं क्वचितच होतं असं त्यांनीही लिहिलं, आणि डॉक्टरला न विचारता, दारूबरोबर ही औषधं घेऊ नयेत हे लोकांना कळावं म्हणूनच ते छापलं. "मला असं पूर्वीही झालंय" हे शब्द मला विसरता येत नाहीत. अंगानं एकदा इशारा दिला होता, आणि त्यानं त्याचा अर्थ 'चालतं' असा काढला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या घरात सॉर्बिट्रेट आहे का? आपल्याकडे कितीतरी घरांत असतं. सासऱ्यांच्या डब्यात, देवघराच्या खणात, कुणाच्या पर्समध्ये. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ती छोटी गोळी. शेजारीपाजारीही प्रेमानं आणून देतात. ज्या माणसानं सिल्डेनाफिल घेतलंय त्याला पुढचे २४ तास ही गोळी द्यायची नाही. टाडालाफिल घेतलं असेल तर ४८ तास नाही. दोन्ही औषधं एकाच वाटेनं रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आली की रक्तदाब असा कोसळतो की माणूस जागीच पडतो, हृदयालाच रक्त पुरत नाही. वाचवायला म्हणून दिलेली गोळी जीव घेऊ शकते. आयसोसॉर्बाइड, नायट्रोग्लिसरीन, निकोरँडिल अशी नावं ज्यांच्या रोजच्या औषधांत आहेत, त्यांनी तर ताकदीच्या या गोळ्या कधीच घ्यायच्या नाहीत. पार्टीत पोरं हुंगतात त्या 'पॉपर्स'च्या बाटलीतही याच जातीचं रसायन असतं.

टाडालाफिलचं तर दिवस मोजून बघ. त्याचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळी बदलापूरच्या फलाटावरही अंगात असते. तिथे गर्दीत छातीत कळ आली, एखाद्या सहप्रवाशानं चांगल्या मनानं खिशातलं सॉर्बिट्रेट काढून दिलं, तर? म्हणून हे तुझ्या नवऱ्यालाही पाठ असायला हवं, आणि तुलाही. छातीत दुखलं तर सगळं थांबवायचं, बसवायचं, १०८ ला फोन करायचा. चक्कर येऊन पडला तर आडवं करून पाय वर घ्यायचे. अँब्युलन्समधल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं, "अमुक गोळी घेतलीय, अमुक वाजता." सासूबाई शेजारी उभ्या असतील तरी सांगायचं. त्या क्षणी लाज धरलीस तर डॉक्टरही नेमकं तेच औषध देतील, कारण छातीत दुखणाऱ्याला ते एरवी देतातच.

रोजच्या औषधांत आणखी काही आहेत. लघवीचा त्रास म्हणून पन्नाशीनंतर पुष्कळांना टॅमसुलोसिन चालू असतं, काहींना बीपीसाठी प्राझोसिन. त्याबरोबर ही गोळी घेऊन रात्री एकदम उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. असा माणूस बाथरूममध्ये पडतो आणि घरच्यांना वाटतं फरशी ओली होती. मग ते नायट्याचं. पावसाळ्यात ओल्या कपड्यांनी लोकलमध्ये उभं राहून आपल्याकडे कितीतरी पुरुषांच्या जांघेत नायटा झालेला असतो, आणि ते महिनाभर इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल खात असतात. ते औषध सिल्डेनाफिल शरीरातून लवकर बाहेर पडू देत नाही. ५० ची गोळी मग ५० सारखी वागत नाही. एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचंही तसंच. नायट्याची कॅप्सूल आणि ही गोळी यांचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही येणार नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हल्ली एकातच दोन औषधं घातलेली गोळीही खूप खपते. सिल्डेनाफिलबरोबर डॅपोक्सेटिन, म्हणजे लवकर वीर्यपतन होऊ नये म्हणून. ते दारूबरोबर घेतलं तर भोवळ येऊन माणूस पडू शकतो, आणि डिप्रेशनच्या बऱ्याचशा गोळ्यांबरोबर ते चालतच नाही.

या तीन गोष्टी झाल्या तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही. एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली किंवा अंधुक झाली. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं, कानात घंटा वाजायला लागल्या. हे क्वचित होतं, आणि प्रत्येक वेळी गोळीमुळेच झालं असं सिद्ध झालेलं नाही, तरी डोळ्याचा इशारा २००५ मध्ये आणि कानाचा २००७ मध्ये अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकात घालायला लावला. तिसरी म्हणजे चार तास उलटूनही ताठरता उतरली नाही, दुखायला लागलं. यात पुरुष सगळ्यात जास्त लपवतात. थंड पाणी ओततात, खोलीचं दार लावून घेतात. अगं, आत साकळलेल्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही, तासागणिक आतला भाग निकामी होत जातो आणि मग ताठरता कायमची जाते. वेळेवर गेलं तर डॉक्टर सुईनं रक्त काढून मोकळं करतात. रिक्षा बोलव आणि घेऊन जा. हॉस्पिटलात कुणी हसत नाही.

आणि ज्यांना चिठ्ठीचीही लाज वाटते, दुकानाचीही वाटते, ते कुठे जातात? हायवेच्या कडेच्या तंबूत. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या कागदावरच्या नंबरवर. 'शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही, पहिल्या डोसपासून फरक.' पहिल्या डोसपासून फरक पडला तर मला उलट जास्त भीती वाटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा शेकडो उत्पादनांत लपवून घातलेलं सिल्डेनाफिल किंवा त्याच्या जवळचं रसायन सापडलं आहे. म्हणजे ज्या हृदयरोग्याला डॉक्टरांनी ही गोळी मना केलीय, तो 'जडीबुटी आहे' म्हणून तेच औषध खातो, तेही किती मिलिग्रॅम ते देव जाणे. कुठल्या भस्मात पारा आणि शिसं निघतं ते वेगळंच. खऱ्या वैद्यांबद्दल माझी तक्रार नाही. जो पाकिटावर आत काय आहे ते लिहीत नाही, बिल देत नाही, त्याच्याबद्दल बोलतेय. अशा जाहिराती करायलाच आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, औषधानं कामशक्ती वाढते असं छापताच येत नाही. तरी कागद चिकटलेलेच असतात. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १८००-२२२-३६५ वर फुकट तक्रार करता येते. आणि औषध घेऊन त्रास झाला, तर तो १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर आपल्यासारख्या साध्या माणसांनाही नोंदवता येतो.

बरं, गोळीचं एवढं ऐकलंस, पण मूळ दुखणं राहिलंच. ताठरता का जाते? कुणाची टेन्शननं जाते, कुणाची झोप नाही म्हणून. एमआयडीसीतली रात्रपाळी, किंवा पहाटेची गाडी पकडून रात्री दहाला घरी येणं, याला शरीर कधीतरी नाही म्हणतंच. तंबाखू-विडीनं जाते. काही बीपीच्या आणि डिप्रेशनच्या गोळ्यांनीही जाते, पण म्हणून त्या परस्पर बंद करायच्या नाहीत, डॉक्टर बदलून देतात. आणि चाळिशी ओलांडलेल्या माणसात पुष्कळदा ती साखरेनं आणि रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे जाते. तिथल्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. नळाला गाळ धरायला लागला की आधी बारीक पाइपाचं पाणी कमी होतं, मोठ्याचं नंतर, तसंच हे. कितीतरी पुरुषांत हृदयविकार दिसायच्या दोन ते पाच वर्षं आधी ही तक्रार सुरू होते. देवानं आधी दिलेली सूचनाच म्हण. आणि आपला माणूस ती सूचना एका गोळीखाली दाबून टाकतो, गोळी लागू पडते, सगळं ठीक वाटतं, आणि साखर तीनशेवर गेलेली कुणी तपासतच नाही.

डॉक्टर एक साधा अंदाज वापरतात. दोन जिने भरभर चढून छातीत दुखलं नाही, फार धाप लागली नाही, तर बहुतेकांचं हृदय शरीरसंबंधाचा ताण सोसतं. स्टेशनचा पूल चढताना तुझे 'हे' मध्येच मोबाइल बघायचं निमित्त करून थांबतात का, ते एकदा बघ. थांबत असतील तर आधी ईसीजी, गोळी नंतर.

कॉलेजातली, जिममधली पोरंही ही गोळी घेतात हे ऐकून तुला धक्का बसेल. चांगली धडधाकट पोरं, मोबाइलवर काहीबाही बघून घाबरलेली. लग्न ठरलं की पहिल्या रात्रीसाठी घेऊन ठेवतात. त्यांना औषधाची गरज नसते, पण दोन-चारदा घेतली की गोळीशिवाय जमणारच नाही असं मनात बसतं. तुझा धाकटा भाऊ त्या वयाचा आहे, त्याच्या कानावर घाल. मूल होत नाही म्हणून घेणाऱ्यांनाही सांग, या गोळीनं शुक्रजंतू वाढत नाहीत.

आता तुझं. या सगळ्यात तुझं शरीर कुठे आहे? साठीचा माणूस गोळी घेतो आणि पंचावन्न वर्षांची बायको दात दाबून सहन करते, हे मी काउंटरवर बायकांच्या तोंडून ऐकलंय, हळू आवाजात, दुसरं गिऱ्हाईक यायच्या आत. पाळी गेल्यावर तिथला ओलावा कमी होतो, दुखतं, कधी रक्तही येतं. त्यावरही उपाय आहे. साधं पाण्यावर बनवलेलं जेल मिळतं, स्त्रीरोगतज्ज्ञ लागलं तर इस्ट्रोजेनची क्रीम देतात. रक्त येत असेल तर मात्र आधी तपासून घ्यायचं. त्यांनी गोळी घेतली म्हणजे तू हो म्हटलंस असं होत नाही. पैसे गेले, आता वाया जाईल, हे कारण होऊ शकत नाही. जबरदस्ती होत असेल तर घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळही येतो, आणि १८१ हा महिलांचा क्रमांक आहे. तुझ्या घरी तसं नाही हे मला माहीत आहे. पण हे तू आणखी चौघींना सांगशील, म्हणून बोलले.

बोलायचं कसं, हे विचारतेस ना? भांडणाच्या वेळी नाही, त्याच रात्रीही नाही. रविवारी दुपारी मुलं बाहेर गेली की म्हण, "मला गोळी दिसली. राग नाही. पण तुम्हाला काही झालं तर मला कळायला हवं." एवढंच. "कुणासाठी घेता?" हा प्रश्न पहिला विचारलास तर दार बंद झालं समज. आपल्या मराठीत या विषयावर बोलणारी माणसं होऊन गेली आहेत गं. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं. १९३४ मध्ये वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोर्टात मांडली. डॉ. विठ्ठल प्रभूंचं 'निरामय कामजीवन' आजही मिळतं, घरात आणून ठेव. समोरासमोर बोलणं जड जात असेल तर ते टेबलावर ठेवलेलं पुस्तकही पुरतं.

मग दोघं मिळून डॉक्टरकडे जा. नेहमीचे फॅमिली डॉक्टर चालतील, ते पुढे फिजिशियनकडे किंवा मूत्रविकारतज्ज्ञांकडे पाठवतील. पैशाचा प्रश्न असेल तर उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय आहे, अंबरनाथला छाया रुग्णालय, बदलापूरला ग्रामीण रुग्णालय, बीपी आणि साखर तिथे तपासून मिळेल. घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून ने, मलमं आणि जडीबुटीच्या पुड्यासुद्धा. डॉक्टर विचारतील, हे कधीपासून आहे, एकदम सुरू झालं की हळूहळू, पहाटे झोपेतून उठताना ताठरता असते का. पहाटे असेल तर दुखणं बहुधा मनाशी आहे, नसेल तर शरीराकडे बघावं लागतं. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, बीपी, ईसीजी एवढं तरी सांगतील. टेस्टोस्टेरॉन सांगितलं तर त्याचं रक्त सकाळीच द्यायचं असतं, म्हणून त्यांना अर्ध्या दिवसाची रजा टाकायला लाव, संध्याकाळी कामावरून येताना देऊन येतो म्हणतील ते ऐकू नकोस. आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच, तर ती आपल्या नेहमीच्या मेडिकलमधून पूर्ण पाकीट घ्यायची, बिलासकट. चिठ्ठी तू घेऊन आलीस तरी चालेल. माझ्याकडे आलीस तर मी सगळ्यांसारखीच पिशवीत घालून देईन.